चाकाखालचं लिंबू

दसऱ्याला महादेवीची गाडी पहिल्यांदा चालली, तेव्हा आत कुणीच बसलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. घरामागच्या शेडमध्ये पूर्वी चार पॉवरलूम होते. चादरींचे गठ्ठे टेम्पोत चढवायला दारापुढं सिमेंटचा उतार केलेला. पुढं तीन लूम किलोच्या भावानं गेले, एक कोपऱ्यात गंज खात राहिला, आणि रिकाम्या जागेत महादेवीनं दीड वर्ष खपून गाडी बांधली. भंगारात कापलेल्या एका स्कूलव्हॅनचं इंजिन आणि मागचा एक्सल. पाइपांचा सांगाडा तिनं स्वतः वेल्डिंग मारलेला. सीट रिक्षाची. बॉनेटला कुठल्या तरी दुकानाचा जुना बोर्ड वाकवून ठोकलेला. वरून दोन हात लाल प्रायमर मारला तरी 'शेंगाचटणी मि' एवढी अक्षरं खालून वर येतच होती. इंजिन सुरू व्हायचं, स्टिअरिंग फिरायचं, पायातला ब्रेक लागायचा. हँडब्रेक तेवढा नव्हता. त्याच्या जागी चाकाखाली एक काळा दगड.

दसरा म्हणजे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा. गाडी उताराकडं तोंड करून उभी होती. महादेवीच्या अव्वानं, म्हणजे आईनं, ईरम्मानं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं म्हणून ती लिंबू घेऊन वाकली, तर तिथं दगड. देवाच्या कामात ह्याची अडचण कशाला, म्हणून तिनं दगड उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी लिंबू ठेवलं.

लिंबानं आपल्या परीनं जोर लावला असणार. पचकन आवाज आला, आणि गाडी माळेसकट उतारावरून निघाली. खाली अप्पाची स्कूटर उभी होती. तिलाही माळ होती. पुढच्या घटकेला दोन्ही माळा एकात एक गुंतलेल्या आणि स्कूटर आडवी.

"दगड कुणी काढला?" महादेवी किंचाळली.

"मी काढला," अव्वा म्हणाली. "लिंबू मग कुटं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

रुद्रप्पा, म्हणजे अप्पा, महादेवीचा बाप, हातात नारळ घेऊन उभा. मार्केट यार्डात बियाणाचं दुकान चालवणारा माणूस. शब्दसुद्धा तोलून द्यायचा. त्यानं आधी स्कूटरकडं बघितलं, मग गाडीकडं, मग पोरीकडं.

"पळती लई भारी," तो म्हणाला. "थांबती का?"

महादेवी सतरा वर्षांची. शाळेशी तिचं नववीतच फाटलं होतं. वर्गातला पंखा महिनाभर बंद होता, तो तिनं मधल्या सुट्टीत बेंचवर चढून चालू केला, आणि न विचारता हात लावला म्हणून सरांनी तिला उन्हात उभं केलं. "तुमाला येत नव्हता म्हणून राग आला व्हय?" एवढं विचारून ती दप्तर न घेता घरी आली, ती परत गेलीच नाही. एका जागी बसणं तिला जमायचं नाही. राग आला की हातातला पाना सुटायचा. शेडच्या पत्र्याला आतून चार पोचे होते आणि प्रत्येक पोच्याखाली तिनंच खडूनं तारीख घातली होती. पण नजर अशी, की रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोचा कुठला नट ढिला आहे ते ती ओट्यावरून सांगायची.

त्या संध्याकाळी अप्पानं तिला बोलावलं.

"एका शेंगा व्यापाऱ्याला गोडाऊन पायजे. आपलं शेड मागतोय. मी त्याला एळ अमावस्येपतूर थांब म्हटलंय."

"अप्पा, माझी गाडी..."

"ऐक. एळ अमावस्येला गाडी शेतावर आणायची. विहिरीकडच्या उतारावर उभी करायची. लिंबू मी ठेवणार, माझ्या हातानं. पूजा झाली, चरगा टाकून झाला, जेवणं झाली, तवर लिंबू शाबूत राहिलं तर शेड तुझं. चेचलं तर शेड शेंगावाल्याचं आणि गाडी भंगारवाल्याची. दगड न्हाय, वीट न्हाय, गिअर न्हाय. नुसता हँडब्रेक."

"आणि लिंबू खराब असलं तर?"

"लिंबू मी चांगलं आणीन," अप्पा म्हणाला. "तू ब्रेक आण. घरात तुलाच ब्रेक न्हाय, तर गाडीला कुटनं येणार, त्येच बघायचंय मला."

एळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, शेताची पूजा करून शेतातच पंगत बसते ती. अजून अडीच महिने.

पहिला सल्ला प्रभुलिंगचा आला. प्रभू हा चुलतभाऊ, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. बुटाला ऑइल लागलं तर घरी जाऊन पुसून परत यायचा. त्याच्या कॉलेजची पोरं शर्यतीची गाडी बनवत होती आणि तिथं एक हायड्रॉलिक हँडब्रेक जादाचा पडला होता.

"हायड्रॉलिक लाव, म्हादी. ह्या दोऱ्याबिऱ्या रिक्षाला. लिव्हर ओढला की तेलाचा दाब थेट मागच्या चाकांना. प्रोफेशनल काम."

लिव्हर दिसायला खरंच देखणा होता. हातभर लांब, काळा, वर लाल मूठ. महादेवीनं दोन दिवसांत पाइप जोडले, हवा काढली, आणि उतारावर लिव्हर ओढून खिटी अडकवली. गल्लीतली चार माणसं मागून रेटायला लावली. गाडी जागची हलली नाही. प्रभूनं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि अर्ध्या व्हिडिओत स्वतःलाच काढलं.

संध्याकाळी महादेवीनं पुढच्या चाकाला चिकटून लिंबू ठेवलं. सकाळी दात घासत आली, तर लिंबाची सिमेंटवर चकती झालेली. बिया चार बोटं लांब उडालेल्या.

"लिंबू पिकलेलं असंल गं," प्रभू म्हणाला.

पत्र्यावर पाचवा पोचा पडला. प्रभू वेळेवर वाकला म्हणून पत्र्यावर पडला.

पण राग ओसरल्यावर ती लिव्हरपाशी उकिडवी बसली आणि बघत राहिली. दांडा जागेवर होता, खिटी अडकलेली होती, नळ्या कोरड्या होत्या. ढिला पडला होता तो दाब. आत रबराची वायसर असते, तिच्या कडेनं तेल केसाएवढं केसाएवढं माघारी सरकत राहतं.

"तेल दाबून धरायचं म्हणजे मुठीत पाणी धरल्यागत हाय," ती म्हणाली. "शर्यतीत वळणावर घटकाभर चाक अडवायला बरं. उभं ऱ्हायला न्हाय. काढ तुझं प्रोफेशनल."

प्रभू लिव्हर फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि तीन आठवडे फिरकला नाही.

आता काय, म्हणून ती शेडभर येरझाऱ्या घालत होती, तेव्हा कोपऱ्यातल्या लूमवर तिची नजर गेली. लहानपणी ती त्याच लूमच्या खडखडाटात झोपायची. धागा तुटला की तो राक्षस एका झटक्यात गप्प व्हायचा, हे तिला आठवलं. कसा? तिनं जाळ्या बाजूला केल्या. लूमच्या शाफ्टवर एक लोखंडी डबा, डब्याभोवती पट्टा, पट्ट्याला आतून अस्तर. धागा तुटला की पट्टा डब्याला आवळायचा आणि सगळं जागच्या जागी.

"घरात ब्रेक पडलाय आणि मी गावभर हुडकायलेय!"

गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलकडं जाणारा जो लांब शाफ्ट असतो, त्यावर तिनं लूमचा डबा बसवला, पट्टा गुंडाळला, दांडा जोडला. एक शाफ्ट, एक पट्टा, एक दांडा. उतारावर गाडी उभी केली, लिंबू ठेवलं. पहिला दिवस. दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी लिंबू वाळायला लागलं पण चेचलं नाही.

मग तिला कोण आवरणार? किराणावाल्याला सांगून झालं, गिरणीवाल्याला सांगून झालं, दूध घालायला आलेल्याला चहा पाजून गाडी दाखवून झाली. प्रभूला फोन केला. "तुझ्या कॉलेजात सांग, डिप्लोमा बदलून मिळतो का बघ. सोलापूरच्या पोरीला ब्रेक शिकवायलेत. अरे, आमी लूमच्या आवाजात जन्मलोय बे!"

अमावस्या शुक्रवारी होती. आदल्या रविवारी ती गाडी घेऊन सरावाला शेतावर गेली. शेत घरामागनंच, पाणंदीनं दीड किलोमीटर, डांबरी रस्त्याला लागायचंच नाही. धोंडप्पा उन्हाळी भुईमुगासाठी पट्टा नांगरत होता. तो तिच्या आज्ज्याच्या वेळेपासून शेत बघायचा. ट्रॅक्टरवाला आजही बांधापलीकडनं येऊ का विचारायचा आणि धोंडप्पा आजही नको म्हणायचा.

महादेवीनं उतारावर गाडी लावली. दांडा ओढला. उतरली. गाडीकडं पाठ करून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ओरडली, "धोंडूअज्जा! बगा की, हात न लावता उभी हाय!"

"व्हय व्हय," धोंडप्पा नांगर थांबवून म्हणाला. "आता न्हाय."

ती वळली. उताराच्या डाव्या बाजूला पाण्याचा पाइप गळून चिखल झाला होता. गाडीचं मागचं डावं चाक नेमकं त्यात. गाडी निघाली होती. आणि पळत सुटलेल्या महादेवीच्या नजरेनं त्या गडबडीतही एक गोष्ट टिपली: उजवं चाक पुढं फिरत होतं, आणि चिखलातलं डावं चाक उलटं. मागं. एका गाडीची दोन चाकं दोन दिशांना.

गाडी कडब्याच्या गंजीत बॉनेटपर्यंत घुसली आणि थांबली. गंजीतनं चार पेंढ्या वरून सीटवर पडल्या.

"पोरी," धोंडप्पा म्हणाला, "तुझी गाडी चरायला आली व्हय?"

घरी आणल्यावर तिनं एक्सलखाली जॅक लावून दोन्ही चाकं उचलली, पट्टा आवळला, आणि हातानं एक चाक पुढं फिरवलं. दुसरं आपोआप मागं फिरलं. एक्सलच्या पोटात वळणासाठी दातेरी चाकं असतात, ती शाफ्ट धरला तरी दोन चाकांना एकमेकांविरुद्ध फिरू देतात. घरापुढच्या कोरड्या सिमेंटवर दोन्ही टायर धरून होते म्हणून कळलं नाही. एक घसरला की संपलं. लूमला हे कधी कळायचं कारणच नव्हतं. लूमला एकच शाफ्ट, आणि लूमला कुठं जायचं नसतं.

बातमी प्रभूपर्यंत पोचलीच. "काय म्हादी, लूम बदलून मिळतो का बघू का?"

ह्या वेळी तिनं पाना टाकला नाही. पाना हातातच होता, पण दिवस चारच राहिले होते.

आता एवढं कळलं होतं, की धरायचं तर चाकच धरायला पाहिजे, आणि दोन्ही. व्हॅनच्या मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रममध्ये हँडब्रेकनं आवळणारे ब्रेक-शू मूळचेच होते, केबल तेवढी भंगारवाल्यानं कापलेली. सोमवारी सकाळी ती जुन्या बाजारात जाऊन रिक्षाचा हँडब्रेक आणि दोन केबली घेऊन आली. रिक्षाचा म्हणून प्रभूनं नाक मुरडलेला तोच. दांड्याला एक लोखंडी चौकट वेल्ड केली आणि दोन्ही केबली त्या चौकटीला पक्क्या आवळल्या. दांडा ओढला. खट खट खट. जॅकवर डावं चाक दगडासारखं घट्ट. उजवं चाक बोटानं फिरत होतं.

उजवी केबल आवळली. आता उजवं घट्ट, डावं मोकळं. डावी अर्धा आटा आवळली. डावं घट्ट, उजवं मोकळं. पाव आटा सोडला. दोन्ही मोकळी. मंगळवारी दुपारपर्यंत हेच. कशीबशी दोन्ही बरोबर आली, की तीनदा ओढल्यावर एक केबल ताणायची आणि पुन्हा मूळपदावर. जो ड्रम आधी धरायचा तोच सगळा जोर खायचा. दुसऱ्याला काही पोचायचंच नाही.

तेवढ्यात अप्पा आला. एकटा नाही. सोबत शेंगा व्यापारी आणि त्याच्या हातात मोजपट्टी. दोघांनी शेडची लांबी मोजली, रुंदी मोजली. व्यापाऱ्यानं पत्र्यावरचे पोचे बघितले.

"हे काय हो? दगडफेक झालती का?"

"न्हाय," अप्पा म्हणाला. "अभ्यास."

व्यापारी हसला. महादेवी गाडीखाली होती. मोजपट्टीचं टोक तिच्या पायाशी येऊन टेकलं आणि सर्रकन परत गेलं. ती आटे फिरवत राहिली. तो गेल्यावर पत्र्यावर सहावा पोचा पडला, आणि त्याखाली तारीख घालताना खडू मोडला.

बुधवारी अव्वानं तिच्या हातात भाकरीचं गठुडं दिलं. "शेतावर दिऊन ये. आणि येताना तोंड तितंच टाकून ये. सकाळपासनं घरात फिरवायलीस ते तोंड."

ती बांधावर जाऊन बसली. म्हणजे बसली, उठली, ढेकूळ फेकलं, पुन्हा बसली. धोंडप्पा नांगराची तास संपवत येत होता. दोन बैलांतला एक जुना, एक नवा, पहिल्याच वर्षी जुंपलेला. नवा सारखा अर्धं पाऊल मागं पडायचा. आणि तो मागं पडला की दोघांच्या मानेवरचं जू तिरकं व्हायचं. नवा सावरला की सरळ. परत मागं, परत तिरकं. नांगर मात्र सरळ चालला होता, एका जोरात, न हिसकता.

महादेवी उभी राहिली.

"धोंडूअज्जा, जू असं वाकडं का धरलंय?"

"मी कुटं धरलंय? त्येचं त्येच हुतंय."

"मग घट्ट का बांधत न्हाय?"

धोंडप्पा हसला. दात चार राहिले होते, ते सगळे दिसले. "बांधून बघ की. जू घट्ट बांधलं की जो पुडं त्योच वडतो आणि त्योच मरतो. दुसरा नुसता संगं चालतो, सोयऱ्यागत. म्हणून मदी एकाच जागी बांदायचं, ढिलं. तिरकं हुतंय तर हू दे. तिरकं झाल्यावरच मागच्याच्या मानंवर वजन येतंय. जू भांडत न्हाय, पोरी. वाटून देतंय."

महादेवी जुवाकडं बघत होती. मधोमध नांगराच्या दांड्याला दोर, दोन टोकांना दोन बैल. मधोमध हँडब्रेकचा दांडा, दोन टोकांना दोन केबली.

ती पळत सुटली.

"अगं, भाकरी!" धोंडप्पा ओरडला.

"बांधावर हाय! खावा!"

"माझीच हाय, मी खाणारच की!" पण ऐकायला ती होती कुठं?

लूमच्या सांगाड्यातून तिनं वीतभर लांबीची जाड पट्टी कापली. तीन भोकं पाडली. दोन टोकांच्या भोकांत दोन केबली. मधल्या भोकात खीळ, आणि त्या खिळीनं पट्टी हँडब्रेकच्या दांड्याला जोडली, आवळून नाही, फिरती. चौकट कापून कोपऱ्यात फेकली.

गुरुवारी सकाळी जॅकवर गाडी चढवून तिनं दांडा ओढला. खट. खट. पट्टी हलली, डावीकडं तिरकी झाली. खट. जराशी आणखी तिरकी, आणि थांबली. तिनं डावं चाक धरलं. घट्ट. उठून उजव्या बाजूला गेली. हात लावायच्या आधी दोनदा पँटला पुसला. चाक धरलं आणि सगळ्या अंगानं लोंबकळली.

घट्ट.

"अव्वा!"

अव्वा पिठाच्या हातानं पळत आली. "काय चेचलं आता?"

"काय न्हाय! ह्या चाकाला लोंबकळ!"

"याके? कशाला? खुळी झालीस का गं?"

"लोंबकळ म्हणायलेय न्हवं!"

ईरम्मानं पदर खोचला आणि लोंबकळली. चाक हललं नाही. मग दुसऱ्या बाजूला गेली आणि न सांगता तिथंही लोंबकळली. दोन्ही टायरांवर पिठाची बोटं उमटली.

"बरं झालं," अव्वा म्हणाली. "आता उंड्यांचं पीठ मळायला चल."

"आले," महादेवी म्हणाली, आणि त्या दिवशी ती खरंच गेली.

शुक्रवारी गाडी पाणंदीला लागली तेव्हा मागच्या सीटवर अव्वा होती. तिच्या मांडीवर आंबिलीचं मडकं, पायाशी पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची टोपली, शेंगापोळ्यांचा डबा, कडक भाकऱ्यांची चवड. भावकीतली पाच पोरं जागा मिळंल तिथं लोंबलेली. मागनं अप्पा स्कूटरवर. स्कूटरचा दिवा दसऱ्यापासून जरा आभाळाकडं बघायचा. प्रभू त्याच्या मागं बसलेला.

उतारावर आल्यावर महादेवीनं गाडी थांबवली. पाइप अजून गळतच होता. तिनं गाडी मागं घेतली, डावीकडं वळवली, आणि मागचं डावं चाक नेमकं चिखलात घातलं.

"उजवीकडं कोरडं हाय की गं!" प्रभू म्हणाला.

"दिसतंय मला."

खट खट खट खट. इंजिन बंद केलं. गिअर काढला. पाय ब्रेकवरून उचलला. गाडी बोटभर खाली बसल्यासारखी झाली आणि थांबली.

अप्पानं खिशातून लिंबू काढलं. पिवळंधमक, पातळ सालीचं. यार्डात शोधून आणलेलं असणार. धोतर गुडघ्यात खोचून तो खाली बसला आणि पुढच्या चाकाला टेकवून, उताराच्या बाजूनं, लिंबू ठेवलं. बोटानं ढकलून बघितलं. मध्ये कागद जाईल एवढीही फट नव्हती.

"सामान काढायचं न्हाय," तो म्हणाला. "लागंल तसं गाडीतनंच घ्यायचं."

कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते. त्यांची पूजा झाली. धोंडप्पा आणि अप्पा आंबील शिंपडत, चरगा म्हणजे नैवेद्याचे घास टाकत शेताला फेरी घालायला गेले, पोरं ओरडत त्यांच्या मागं. महादेवी गेली नाही. ती गाडीपासून दहा पावलांवर उभी. मग आठ. मग सहा.

"लांबनंबी तेवढंच दिसतंय," प्रभू म्हणाला. त्याच्या मोबाइलवर घड्याळ चालू होतं. "अठ्ठावीस मिनिटं. हायड्रॉलिकनं एवढं काढलंच असतं."

"तुझ्या हायड्रॉलिकनं रात्रीतनं सरबत केलं."

फेरी संपली. पंगत बसली. महादेवीच्या पानात भज्जी वाढली, ती गार झाली. एक तास झाला. पोरांचं जेवण आधी उरकलं आणि ती कुणाला कळायच्या आत गाडीत चढली. पाचच्या पाच. सीटवर उड्या मारायला लागली.

"उतरा बे!" महादेवी ओरडत उठली.

"राहू दे," अप्पा म्हणाला. "नाचू दे."

आणि तेवढ्यात गाडीखालनं आवाज आला. टक्.

पंगतीतला प्रत्येक हात थांबला. महादेवीच्या डोळ्यांपुढं एका क्षणात मोजपट्टी आली. ती ताटावरनं उडी मारून गेली आणि गाडीखाली आडवी झाली. पोरांच्या उड्यांनी डावी केबल जराशी ताणली होती. पट्टी एका बाजूला आणखी तिरकी झाली होती, बस्स. तेवढाच तो आवाज. डावीकडं कमी पडलं ते पट्टीनं उजवीकडनं घेतलं नव्हतं. दोघांना पुन्हा सारखं वाटून दिलं होतं. तिनं मान वळवली. लिंबू जागेवर होतं. गोल.

"काय झालं?" प्रभूचा आवाज आला.

"काय न्हाय," ती गाडीखालूनच म्हणाली. "बैल मागं पडला होता. सावरला."

धोंडप्पा एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला.

अप्पानं जेवण सावकाश केलं. दुसऱ्यांदा भज्जी घेतली, तिसऱ्यांदा आंबील. महादेवीला वाटलं, ह्या माणसानं आयुष्यात एवढं कधी खाल्लं नसंल. शेवटी त्यानं हात धुतले, उपरण्याला पुसले, आणि गाडीपाशी गेला. वाकला. लिंबू उचललं. उन्हात धरून चारी बाजूंनी फिरवलं. वास घेतला. मग चाकूनं मधोमध कापून अर्धं प्रभूच्या पानात पिळलं.

"खा," तो म्हणाला. "बी एकबी फुटलेली न्हाय."

मग त्यानं फोन काढला. "व्हय, रुद्रप्पा बोलतोय. शेडचं जमत न्हाय हो. न्हाय न्हाय, दुसऱ्याला दिलं न्हाय. मोकळंच न्हाय ते. आमची पोरगी काम करती तितं." एवढं बोलून पलीकडचं न ऐकताच फोन बंद.

महादेवीला पाना फेकावासा वाटला. रागानं नाही. हातात पाना नव्हता, म्हणून तिनं पेंढी उचलली आणि उंच आभाळात फेकली. ती प्रभूच्या डोक्यावर आली.

प्रभूनं केसांतला कडबा काढला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच जवळ आला. "म्हादी, त्या पट्टीचा फोटो काढू का? प्रोजेक्टला..."

"काढ की. खाली नाव लिही पण."

"तुझं?"

"माझं, आणि वर धोंडूअज्जाचं. आणि बुटाला चिखल लागंल हां अण्णा, आत झोपून काढावा लागतोय."

प्रभू खरोखर चिखलात झोपला.

ऊन कलतीला लागलं होतं. गाडीची सावली उताराच्या खालच्या बाजूला पडली होती. अप्पानं कोपीतनं घोंगडं आणलं, झटकलं आणि त्या सावलीत, बरोबर पुढच्या दोन चाकांच्या समोर अंथरलं. उशाला उपरणं घेतलं. तोंडावर टोपी ओढली आणि आडवा झाला. वर उतारावर अख्खी गाडी, आणि पायाला टेकलेलं रिकामं चाक, लिंबूसुद्धा नाही.

थोड्या वेळानं घोरणं ऐकू यायला लागलं.

पोरं पुन्हा गलका करत गाडीकडं पळत आली. महादेवी गाडीपाशी जमिनीवर मांडी घालून बसली होती. कधीपासून बसली होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बे," ती म्हणाली. "सुम्न कुंद्रा, गप बसा. अप्पा झोपलाय."